कोपरा फाटलेलं कार्ड आणि रामटेकची पॅसेंजर

हे मला लिहावं लागतंय, कारण माझ्या भाचीचा, मंदाचा नातू दिवाळीत चार माणसांसमोर म्हणाला, की मोठी आजी, तुमच्या काळी प्रायव्हसी नव्हतीच. माझ्या तोंडात चकली होती. घास असताना मी बोलत नाही, म्हणून तेव्हा उत्तर राहिलं. ते आता देते.

तो मोबाइलवर व्हीपीएन निवडत होता. म्हणजे काय, हे त्याने मला नीट समजावलं: आपली चिठ्ठी झाकलेल्या वाटेने, दुसऱ्याच्या थैलीतून पाठवायची, मधल्या कोणाला कळत नाही की कोणी, कोणाला, काय धाडलं. मित्रांना मोठ्या फायली पाठवायच्या होत्या आणि तीन कंपन्यांतली कोणती घ्यावी हे ठरत नव्हतं. एक फुकट होती. मी त्याला तीन प्रश्न विचारले. तुझ्या चिठ्ठ्यांची नोंदवही ते ठेवतात का? फुकट देतात, तर त्यांचं पोट कशावर चालतं? आणि उद्या कोणी दारात येऊन थैली उघड म्हणालं, तर ते कोणाचं ऐकणार? हे प्रश्न मला कुठून सुचले, ते सांगायचं तर रामटेकला जावं लागेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चाळिशीला आलेली, नागपुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते, आईबरोबर राहत होते. माझी मावसबहीण शकू रामटेकला दिलेली. धानाची शेती, आणि दिराचं बाजारात किराणा दुकान. मंदा ही शकूची थोरली मुलगी, तेव्हा वीस वर्षांची. तिचं लग्न कन्हानच्या मधुकरशी ठरलं होतं आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारवर आलं होतं. नावं मी बदलली आहेत. बाकी सगळं मंदाने स्वतः वाचलं आणि "टाक" म्हणाली. नातवालाही हे इथेच पहिल्यांदा कळू दे, असं तिचं म्हणणं.

साक्षगंधाच्या पंधरा दिवस आधी भांडी आणि लुगडी घ्यायला मंदा माझ्याकडे आली. इतवारीत हातगाड्यांमधून वाट काढत आम्ही पाणी भरायचे पितळेचे गुंड बघत होतो. अचानक ती म्हणाली, मावशी, चुलीतला निखारा माझ्या हातावर पडला आणि मला कळलाच नाही. कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग होता. घरी आल्यावर मी सुईने टोचून पाहिलं. ती शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत होती.

त्या काळी महारोगाचं नाव घेतलं तरी घराचं दार बंद होत असे. मुलीचं तर सोडाच, तिच्या धाकट्या बहिणींचीही लग्नं राहिली असती. मी तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि आठवड्याने निकाल देतो म्हणाले. मंदा भांडी घेऊन परत गेली. तिच्या आईलाही काही माहीत नव्हतं. आठवड्याने डॉक्टरांनी माझ्या हातात लिफाफा दिला. वर मंदाचं नाव, मागे लाखेची मोहर. तो तिच्याच हाती जायला हवा होता, आणि तोही रविवारच्या आत.

आता वाटा बघा. टपालाने पाठवावा, तर त्या घराचं सगळं टपाल दिराच्या दुकानावर उतरायचं, आणि दीर गावाची पत्रं वाचून दाखवणारा माणूस. मुलीच्या नावाचा लाखबंद लिफाफा तो न फोडता ठेवता तर सूर्य पश्चिमेला उगवला असता. फोन गल्लीत एकच, तोही समोरच्या अडत्याकडे. ट्रंक कॉलवर ओरडून बोलावं लागे, म्हणजे निम्मं रामटेक ऐकणार. तार म्हटली की वाचायच्या आधीच रडारड. एसटीच्या ड्रायव्हरकडे लिफाफा देण्याची पद्धत सोयीची होती आणि तिला पैसेही पडत नसत. पण तो उतरवून कोणाला देईल? दुकानावर, दिरालाच. येणारी-जाणारी माणसं होती, पण जो फुकट सामान नेतो त्याला बदल्यात बातमी लागते. शेवटी मीच जायचं ठरवलं. गुरुवारी रजा टाकली.

मंदा घरी असावी म्हणून आधी कळवणं भाग होतं. मी मुद्दाम साधं कार्ड लिहिलं. उघड्या कार्डावर कोणी संशय घेत नाही, असा माझा हिशेब. "गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने येते. मंदाला घरीच ठेवावे. बाकी समक्ष सांगते." कार्ड वहीच्या शिवणीत अडकलं होतं, ओढताना त्याचा एक कोपरा गेला. मला दिसलं. दुसरं लिहिता आलं असतं. पण चांगलं कार्ड वाया का घालवायचं, म्हणून तेच पेटीत टाकलं.

मार्गशीर्षातली सकाळ. तुम्ही जाणार असाल तर याच दिवसांत जा. आता चारपदरी रस्ता आहे, तासाभरात पोचाल आणि काहीच दिसणार नाही. तेव्हा कोळशाचं इंजिन होतं आणि पॅसेंजरला कसली घाई नव्हती. स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले, वर तर्री घेतली नाही, कारण लिफाफ्याला डाग नको होता. लिफाफा पोलक्याच्या आत होता. मोहर दर श्वासाला टोचत होती.

कामठी गेली आणि धुकं लागलं. डब्यात कोणी बोलत नव्हतं. बाया घोंगड्यांत गुरफटून बसल्या होत्या. खिडकीबाहेर जग पुसून टाकल्यासारखं, मधूनच एखादं पळसाचं झाड जवळ येऊन बघे आणि मागे सरे. कन्हानच्या पुलावर गाडी इतकी हळू झाली की ती चालतेय की खालची नदी, हे सांगता येईना. वाळूवर पाण्याची एक बारीक धार होती. त्या धारेत एक माणूस गुडघाभर उभा होता, नुसता उभा. त्याला पाय होते की धुक्यातच तो संपत होता, ते कळलं नाही. मी शिस्तीची बाई आहे, दिवसा स्वप्नं बघत नाही. पण त्या पुलावर मला वाटलं, की मी कुठेच जात नाहीये, ही गाडी अशीच चालत राहील आणि लिफाफा कधीच उघडावा लागणार नाही. मला ते बरं वाटलं.

मग धानाची रिकामी शेतं, तणसाचे ढीग, ओल्या पेंढ्याचा वास. उन्हाचा पहिला पिवळा पट्टा आला आणि दूर रामटेकची टेकडी दिसली. खाली धुकं, वर देवळाचे पांढरे कळस; टेकडीला बूडच नाही. ती तशी अधांतरी बराच वेळ आमच्याबरोबर चालली.

स्टेशनापासून गाव दूर आहे. टांगा केला. टांगेवाला वाटेत एकदा मागे वळून म्हणाला, "तुम्हीच का बाई नागपूरवाल्या? सारे तुमचीच वाट पाहून राहिले." मला आश्चर्य वाटलं, पण विचारलं नाही.

शकूच्या अंगणात पंचवीस माणसं बसली होती. ओसरीवर पुरुष, टोप्या गुडघ्यांवर. आत चूल पेटलेली नव्हती. दारात पाण्याची बादली आणि कडुनिंबाचा डहाळा ठेवला होता. शकूचे डोळे सुजलेले. ती उठली, पण मला शिवली नाही.

"ताई," ती म्हणाली, "मावशी केव्हा गेली वं?"

तिची मावशी म्हणजे माझी आई. मी म्हटलं, आई घरी आहे, सकाळी भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर चिडली होती.

मग शकू हळूच म्हणाली, "मंग कोपरा काहून फाटला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या पत्रात मरणाची बातमी असते त्याचा कोपरा फाडतात. पत्र वाचून बाहेरच फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. हे मला का माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण मी कॉलेजात शिकलेली, असल्या गोष्टी मानत नव्हते. आणि मी मानत नाही म्हणजे जग मानत नाही, असं धरून बसले होते. वर मीच लिहिलं होतं, बाकी समक्ष सांगते. दीर ओसरीवरून म्हणाला, "मी तीनदा वाचलं. मेल्याबिगर कोणी 'समक्ष सांगते' लिहत नाही."

शकू एक दिवस एक रात्र रडली होती. माझ्या काटकसरीपायी. मी तिचे हात धरले, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. ती मला शिवली आणि तिला नव्याने रडू फुटलं. पाच मिनिटांत सगळे हसत होते, रडत होते, मला बोल लावत होते.

आणि त्या हसण्यात मला दिसलं, की खांबाला टेकून मधुकरची आई बसली आहे. सुतक आलं, साक्षगंध पुढे ढकलावं लागेल, असा निरोप दिराने एसटीवाल्याकडून कन्हानला धाडला होता. ती पहिल्या गाडीने सांत्वनाला आली होती. ज्या एका बाईपासून तो लिफाफा लपवायचा होता, तिला माझ्याच कार्डाने तिथे आणून बसवलं होतं.

ती हसत नव्हती. ती विचार करत होती.

"मंग बाई," ती म्हणाली, "कोणी मेलं नाही. त समक्ष काय सांगाचं होतं? आता त समक्षच बसून राहिलो सारे."

मी म्हटलं, मंदाशी बोलायचं आहे. तिचं तिला सांगेन.

"ठरलेल्या पोरीचं असं काय असते, जे सासूले सांगता येत नाही?"

मंदा दाराशी उभी होती, पोलक्याची लांब बाही मनगटापर्यंत ओढून. मला खोटं बोलता येत नाही. खोट्यासाठी मी शाळेत मुलींना तासभर उभं केलेलं आहे. त्या क्षणी मी स्वतःच तशी उभी होते, आणि पोलक्याच्या आत लाख टोचत होती.

वाचवलं ते शेजारच्या रुखमाबाईने. सत्तरीची, दात नसलेली, कोपऱ्यात पान कुटत बसलेली. ती वैतागून म्हणाली, "अवं, समजून घ्या ना. रविवार आला जवळ. पोरीची तारीख असन."

काय सांगू, ओसरी रिकामी झाली. दीर खाकरत दुकानाकडे गेला, बाकीचे पुरुष एकाएकी बैलांना पाणी पाजायला निघाले. त्या काळी बाईच्या चार दिवसांचा विषय निघाला, की तिथे दुसरा प्रश्न विचारायची कोणाची छाती नव्हती. मधुकरच्या आईचा चेहराच बदलला. "मंग आधी सांगाचं ना, बाई," ती म्हणाली. "मलेबी पोरी हायेत." आणि पदर खोचून शकूबरोबर चूल पेटवायला गेली.

मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. ज्या गोष्टीवर बोलायची बंदी आहे, तिच्या आड दुसरी गोष्ट लपते, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

अशुभ नुसतंच आलं-गेलं तरी पाय धुवावेत, असं रुखमाबाईने ठरवलं आणि मंदाला माझ्याबरोबर अंबाळ्यावर पाठवलं. तळ्याभोवती जुनी देवळं आहेत. त्या वेळेला घाटावर आम्ही दोघी आणि चार वानरं. धुकं विरत होतं, पण पाण्यावर अजून त्याच्या चिंध्या होत्या. देवळं वर उभी होती तशीच खाली उलटी उभी होती, आणि खालची जास्त खरी दिसत होती. पलीकडे एक डोंगा शिंगाड्यांच्या वेलांतून आवाज न करता सरकत होता.

मी लिफाफा दिला. मंदाने विचारलं, "तू वाचलं का?" मी म्हटलं, लाख बघ. तिने लाख बघितली, चारही बाजूंनी, सोनार बघतो तशी. मग फोडली.

आत तपासणीचा कागद इंग्रजीत होता, पण डॉक्टरांनी खाली मराठीत सविस्तर लिहिलं होतं. तिने दोनदा वाचलं. वानराने माझी पिशवी उचकटली, तरी मी हलले नाही.

"आहे," ती म्हणाली. आणि ओळीवर बोट ठेवून, "गोळ्यांनं जाते म्हणते. दोन-तीन वर्षं घ्या लागतात. माझ्यापासून कोणाले लागत नाही, संसाराले हरकत नाही, असं लिहलं."

मी म्हटलं, मग कोणाला सांगायची गरज नाही. गोळ्या माझ्याकडे येतील. हे मी मनापासून म्हटलं होतं, मोठ्या माणसाच्या शहाणपणाने.

तिने कागद घडी करून लिफाफ्यात घातला. "मधुकरले सांगाचं आहे. त्याच्या आईले नाही, माझ्याबी आईले नाही. फक्त त्याले. आज."

मी विचारलं, त्याच्यावर भरवसा आहे का तुझा?

"माहीत नाही, मावशी. दोनदा त पाहिलं. म्हणूनच लिफाफा पाठवून राहिली."

घरी भात शिजला होता. वांग्याची भाजी, वरण, आणि माझी आई जिवंत असल्याबद्दल वर थोडा गूळ. मंदाने ताटातली चार शितं बोटावर घेतली, आत जाऊन त्याच लिफाफ्याला लावली, आपलं नाव खोडून त्याचं लिहिलं. तिच्या होणाऱ्या सासूने मला आग्रहाने वाढलं. तिच्या हातचा घास गिळताना मला जड गेलं, ते कबूल करते.

दुपारच्या एसटीने मनसरवरून कन्हानला आले. रस्ता खड्ड्यांचा, दोन्ही बाजूंना सागाची वाळकी पानं, आणि उन्हात सगळीकडे तूस उडत होतं. सोन्याचा धूर असतो तर असाच दिसला असता. कन्हान जवळ आलं तशी पानं काळी होत गेली. मधुकर कोळशाच्या काट्यावर कारकून होता. ट्रक यायचे, काट्यावर चढायचे, तो आकडा लिहायचा. मी त्याला बाहेर बोलावलं. सडपातळ, कानामागे पेन्सिल. मी त्याची मावससासू होणार हे त्याला माहीत होतं. तो वाकला.

त्याने तिथेच उभ्याने वाचलं. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. त्याने विचारलं, "हे तिनं पाठवलं, का घरच्यानं?"

तिने, मी म्हटलं. घरच्यांना माहीत नाही.

"माह्या आईले?"

नाही.

तो आत गेला. मला वाटलं, काहीतरी लिहून आणतोय. तो दोन ट्रक तोलत होता. मी उन्हात उभी. मला असा संताप आला की सांगता येत नाही. एका मुलीचं आयुष्य लटकलंय आणि हा कोळसा मोजतोय. आज वाटतं, हात चालू ठेवल्याशिवाय काही माणसांना विचार करता येत नसेल. बऱ्याच वेळाने तो आला. त्याने लिफाफा मला परत दिला, आणि वर एक अर्ध्या पानाची चिठ्ठी, घडी घातलेली.

"चिकटवाले खळ नाही इथं, बाई," तो म्हणाला. नजर खाली.

मी म्हटलं, लागत नाही.

परतीच्या एसटीत ती चिठ्ठी माझ्या मुठीत होती. उघडी. घडीच्या कडेतून एक अक्षर दिसत होतं, बहुधा 'म'. ते तिचं नाव असेल किंवा 'माफ करा' असेल. तासाभराचा रस्ता. ऊन तिरपं झालं होतं, शेतातल्या बगळ्यांच्या सावल्या बगळ्यांहून लांब झाल्या होत्या. माझं बोट दोनदा घडीत गेलं आणि दोनदा मी ते बाहेर काढलं. मोहर लावलेला लिफाफा न उघडण्यात फार मोठेपणा नसतो.

रामटेकच्या स्टँडवर मधुकरची आई गाडीला रांगेत उभी होती. "परत आल्या?" मी म्हटलं, काम राहिलं होतं. तिने पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढून माझ्या हातात कोंबले आणि कानाशी म्हणाली, रविवारी नाही जमलं तर पुढचा घेऊ, पोरीला ताण देऊ नका. मला त्या बाईचा राग करता येईना.

मंदा खळ्यात होती. बैल धानावर गोल फिरत होते, सूर्य टेकडीमागे गेलेला, तरी धुळीत उजेड तरंगत होता. मी लिफाफा आणि चिठ्ठी दिली. तिने बैलांकडे पाठ करून वाचली. घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, रविवारी आजीले घेऊन ये. साऱ्याइले तिले पाहाचं आहे."

चिठ्ठीत काय आहे ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

सकाळच्या पॅसेंजरने घरी आले. येताना धुकं नव्हतं. तो पूल, ती नदी सगळं लख्ख आणि साधं होतं. आईला सगळा प्रकार सांगितला, लिफाफ्याचा भाग सोडून. ती मुळीच रागावली नाही. शकू किती रडली, तिची जाऊ रडली का, चूल किती वेळ बंद होती, हे तिने खोदून विचारलं आणि समाधानाने जेवली. रविवारी ती नऊवारी नेसून रामटेकला गेली, तेव्हा नवरीभोवती जमली त्याहून जास्त माणसं तिच्या पाया पडली. साक्षगंध ठरल्या वेळी झालं. तारखेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

डॉक्टरांकडून गोळ्या तीन वर्षं माझ्या नावाच्या डब्यात येत होत्या. मधुकर दर महिन्याला स्वतः येऊन घेऊन जायचा, चहा घ्यायचा, काट्यावरच्या गमती सांगायचा, आणि त्या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. त्याची आई गेली ती सुनेचं कौतुक करत. तिला काही कळलं नाही. ते चांगलं झालं की तिच्यावर अन्याय झाला, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. शिंगाड्यांचा मोसम आला की तो प्रश्न येतो.

शकूची मात्र मी माफी मागितली. तिने तेवढ्यापुरतं माफ केलं.

त्या गुरुवारी झोपण्याआधी शकूच्या ओसरीवर बसून मी शाळेच्या रजेच्या अर्जामागे लिहून ठेवलं होतं. माझी नोंदवही एवढीच, जशीच्या तशी:

रामटेक, अंबाळा. कु. मंदा हिस: लाखबंद लिफाफा एक. मोहर शाबूत.

कन्हान, काटा. श्री. मधुकर यांस: तोच लिफाफा, शितांनी बंद केलेला. समक्ष उघडला.

रामटेक, खळे. कु. मंदा हिस, मधुकर यांजकडून: तोच लिफाफा परत, आत तपासणीचा कागद. सोबत चिठ्ठी एक, घडी घातलेली, न चिकटवलेली. मजकूर माहीत नाही.